तंबूबाहेरची कॉफी आणि एरोप्रेस गो

रानात कॉफी करण्याचे साधन निवडताना बहुतेक जण चवीचा विचार आधी करतात. माझ्या मते तो पाण्यापासून सुरू करावा. गोव्यात सत्तरीतल्या एखाद्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, किंवा नेत्रावळीच्या बाजूला डोंगरउतारावर मुक्काम असेल, तर पिण्याचे पाणी आपण बहुधा वाहून नेलेले असते आणि ते भांडी विसळण्यात घालवणे जिवावर येते. जवळ ओहोळ असला तरी त्यात कॉफीचा चोथा खंगाळणे योग्य नव्हे, कारण खालच्या वाड्यावरची माणसे आणि गुरे त्याच पाण्यावर अवलंबून असतात. म्हणून ‘एरोप्रेस गो’ या प्रवासी साधनाची पारख मी याच कसोटीवर केली आहे. एका कपामागे किती पाणी वाया जाते, मागे किती कचरा उरतो आणि एवढे सांभाळून कॉफी खरोखर चांगली होते का, हे पाहिल्याशिवाय बाकीच्या गुणांना फारसा अर्थ नाही.

एरोप्रेस हे मूळ साधन ॲलन ॲडलर या अमेरिकी संशोधकाने तयार केले आणि 2005 साली ते बाजारात आले. त्याआधी ‘एरोबी’ या खूप दूरवर जाणाऱ्या उडत्या चकतीमुळे त्यांचे नाव झाले होते. ‘गो’ ही प्रवासासाठीची लहान आवृत्ती 2019 ची आहे. रचना अगदी साधी आहे. प्लास्टिकची एक नळी, तिच्यात घट्ट बसणारा रबरी टोकाचा दट्ट्या आणि नळीच्या तळाशी फिरवून लावायचे जाळीचे झाकण, ज्यात कागदाची गोल गाळणी ठेवायची असते. नळीत कॉफीची पूड आणि गरम पाणी घालून ढवळायचे, मिनिट-दीड मिनिट थांबायचे आणि दट्ट्या दाबून कॉफी खालच्या कपात उतरवायची. गोमध्ये हे सारे सामान, घडीची ढवळणी, मापाचा चमचा आणि कागदांची डबी यांसह, सोबतच्याच मगात बसते आणि वर झाकण लागते. प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीनचे असल्यामुळे काचेच्या फ्रेंच प्रेसची (जाळीचा दट्ट्या दाबून चोथा तळाशी बसवायचे भांडे) जी धास्ती पाठपिशवीत सतत असते, ती येथे नाही.

आता पाण्याचा मुद्दा. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की आतली हवा फस्सकन बाहेर पडते, आणि चोथ्यातले बहुतेक पाणी पिळून निघाल्यामुळे त्याची घट्ट, जवळजवळ कोरडी चकती तयार होते. जाळीचे झाकण फिरवून काढायचे, नळी कचऱ्याच्या पिशवीवर धरायची आणि दट्ट्या आणखी थोडा पुढे ढकलायचा. ‘टक्’ असा आवाज होऊन चकती कागदासकट पिशवीत पडते. दट्ट्याच्या रबराने नळीची आतली बाजू जाता जाता पुसून काढलेली असते, त्यामुळे धुण्यासारखे उरते ते फक्त रबराचे तोंड आणि जाळी. त्यांना अर्धा पेला पाणीसुद्धा जास्त होते आणि पाणी अगदीच कमी असेल तर ओल्या फडक्याने पुसले तरी दुसरा कप करता येतो. फ्रेंच प्रेसमध्ये नेमके उलटे घडते. तळाशी बसलेला चिखलासारखा चोथा पाणी घालून घुसळल्याशिवाय निघत नाही, जाळीच्या थरांमध्ये कण अडकून राहतात आणि शेवटी कॉफीला लागले त्याहून जास्त पाणी भांडे धुण्यात जाते. या एका बाबतीत एरोप्रेसच्या जवळपास येईल असे दुसरे साधन मला ठाऊक नाही. कोरडी चकती ओलसर चोथ्याप्रमाणे पिशवीतून ठिबकत नाही, त्यामुळे कचरा घरी परत आणणेही सोपे जाते. कॉफीचा चोथा झाडाबुंध्याशी टाकला तर खतच होईल, असे अनेक जण म्हणतात. आपल्या परसात ते ठीक आहे. अभयारण्याच्या हद्दीत किंवा दुसऱ्याच्या पोफळीत काहीही टाकू नये.

ही कॉफी गोव्यात कोठे करावी, हेही सांगायला हवे, कारण साधनाचा उपयोग त्यावरच ठरतो. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी असलेल्या राज्याच्या कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि समुद्रकिनाऱ्यांसारख्या ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक करणे दंडास पात्र ठरले. त्यामुळे वाळूत स्टोव्ह मांडून सूर्योदयाबरोबर कॉफी पिण्याची छायाचित्रे कितीही सुंदर दिसली तरी तो बेत येथे करू नये. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. शिवाय 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या परिसरातले डोंगर कित्येक दिवस धुमसत होते आणि ते वणवे विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती, हे ज्याने पाहिले आहे त्याला सुकलेल्या पानांवर तीन दगडांची चूल मांडण्याचा मोह होणार नाही. उरतो तो सर्वांत चांगला पर्याय, म्हणजे ओळखीच्या बागायतदाराची परवानगी घेऊन त्याच्या कुळागरात किंवा माळावर उतरणे. तेथे जांभ्या दगडाचा एखादा सपाट बांध असतोच आणि एरोप्रेसला अशा कठीण, स्थिर पृष्ठभागाची गरज असते. दट्ट्या दाबताना आपण जवळजवळ अंगाचा भार त्यावर टाकतो. मऊ मातीवर, चटईवर किंवा घडीच्या हलक्या टेबलावर कप कलंडण्याचा धोका खरा आहे आणि आत उकळीला आलेले पाणी असते. मूल जवळ असेल तर त्याला बाजूला बसवूनच दाबावे.

चूल नको म्हटल्यावर लहानसा गॅस स्टोव्ह आलाच. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या लांबट डब्यात साधारण 230 ग्रॅम ब्युटेन असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खाली उकळतो, त्यामुळे हिमालयात थंडीत तो रुसतो, पण गोव्यात बारा महिने बिनतक्रार चालतो. 25 अंशांचे अर्धा लिटर पाणी उकळायला सुमारे 157 किलोज्यूल उष्णता लागते. स्टोव्हची निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तरी त्याला सात ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. म्हणजे एका डब्यात पंधरा-सोळा लिटर पाणी उकळावे. प्रत्यक्षात वारा हा हिशेब मोडतो. घाटमाथ्यावरच्या चोर्ल्याच्या पठारावर सकाळचा वारा असा असतो की आडोसा नसेल तर पाणी तापता तापत नाही. आडोसा मात्र दगडांचा, एका बाजूने आणि स्टोव्हपासून अंतर राखून करावा. डब्यासकट सगळा स्टोव्ह पत्र्याने वेढला तर डबा तापून फुटू शकतो. पाऊस आला म्हणून स्टोव्ह तंबूत घेणे तर त्याहून घातक आहे, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याचा वासही येत नाही. पाणी उकळताना भांड्यावर झाकण ठेवावे आणि लागेल तेवढेच घ्यावे, एवढ्या दोन गोष्टींनी गॅस बराच वाचतो.

साधन कोणतेही असले तरी चवीचा मोठा भाग पुडीवर ठरतो आणि गोव्याची हवा या बाबतीत फार निष्ठुर आहे. भाजलेली कॉफी हवेतला ओलावा शोषून घेते, आणि दळल्यावर तिचा पृष्ठभाग इतका वाढतो की सुगंध काही दिवसांतच उतरतो. पावसाळ्यात तर पाकीट एकदा उघडले की दोन दिवसांत पुडीच्या गुठळ्या होतात. याच किनारपट्टीवर मंगळूरकडच्या गोदामांत हिरव्या बिया मुद्दाम मोसमी वाऱ्यावर पसरून ‘मॉन्सून्ड मलबार’ नावाची कॉफी तयार करतात, हे खरे; पण ती न भाजलेल्या बियांची गोष्ट आहे. भाजल्यानंतर ओलावा हा शत्रूच. म्हणून बिया अख्ख्या न्याव्यात, घट्ट झाकणाच्या लहान डबीत न्याव्यात आणि हँड ग्राइंडरवर तेथेच दळाव्यात. पंधरा ग्रॅम बिया दळायला मिनिटभर लागते. ग्राइंडरचे दाते पोलादी असावेत आणि दळण बारीक-जाड करण्याची सोय पक्की असावी. एका अगदी स्वस्त ग्राइंडरचा मला आलेला अनुभव वाईट होता. फिरवता फिरवता त्याचे माप आपोआप ढिले होत असे आणि शेवटच्या चिमटीपर्यंत बारीक पुडीत जाड कण मिसळत. अशी पूड एरोप्रेसमध्ये घातली की कॉफी एकाच वेळी कडू आणि आंबट लागते, आणि दोष मात्र साधनाला दिला जातो.

बियांसाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. देशातल्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के कॉफी शेजारच्या कर्नाटकात पिकते. चिकमगळूर आणि कोडगूची मध्यम भाजणीची अरेबिका या साधनात फार छान उतरते. पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली असेल तेच घ्यावे. भाजल्यापासून आठवडा ते महिना हा काळ चांगला.

कृती मी अशी ठरवली आहे. पंधरा ग्रॅम पूड, दळण साध्या बारीक मिठाएवढे. कागद जाळीत बसवून गरम पाण्याने ओला करायचा, म्हणजे कागदाचा वास जातो आणि कपही तापतो. ते पाणी फेकायचे नाही, जाळी धुवायला ठेवायचे. नळी कपावर ठेवून पूड घालायची, उकळलेले पाणी स्टोव्हवरून उतरवून मिनिटभर थांबायचे आणि मग दोनशे मिलीलिटरच्या आसपास पाणी ओतायचे. कॉफीला 90 ते 96 अंशांचे पाणी मानवते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. किनाऱ्यालगत पाणी शंभर अंशांना उकळते आणि चोर्ल्यासारख्या सुमारे 800 मीटर उंचीवर 97 च्या आसपास, म्हणजे तेथे थांबण्याचा वेळ अर्ध्यावर आणला तरी चालतो. ॲडलर यांची स्वतःची शिफारस 80 अंशांची होती. गडद भाजणीच्या कॉफीला ती खरोखर शोभते, कारण कडवटपणा कमी उतरतो. फिकट भाजणीला मात्र ते पाणी थंड पडते. पाणी घातल्यावर पाच-सहा वेळा ढवळायचे आणि दट्ट्या वरच्या तोंडाशी किंचित आत बसवायचा. एवढ्याने आत पोकळी धरली जाते आणि कॉफी आपसूक खाली ठिबकणे थांबते. दीड मिनिटाने सावकाश, अर्धा मिनिट लावून दाबायचे. साधन उलटे उभे करून मग कपावर पालथे घालण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. घरच्या ओट्यावर ती जरूर वापरावी, पण ओबडधोबड दगडावर गरम पाण्याने भरलेली नळी पालथी करणे मला मुळीच मान्य नाही, आणि दट्ट्याच्या पोकळीने तेच काम होते.

अशी केलेली कॉफी स्वच्छ लागते. कागदामुळे तेलकटपणा आणि गाळ मागे राहतो, तोंडात कण येत नाहीत आणि चांगल्या बियांमधली फळासारखी हलकी आंबटगोडी वेगळी कळते. गावातला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून सकाळी काकणां (बांगडीसारखे गोल पाव) घेऊन आला असेल, तर ती कडक काकणां या कोऱ्या कॉफीत बुडवून खाण्यासारखे सुख नाही. ज्यांना तोंड भरून राहणारी, दाट कॉफी हवी असते त्यांना ही पातळ वाटेल. हा एरोप्रेसचा दोष म्हणता येणार नाही. कागदी गाळणीचा तो स्वभाव आहे, आणि धातूची जाळी वेगळी मिळते ती लावली तर दाटपणा वाढतो. जाहिरातींमधून कधी कधी एस्प्रेसोचा उल्लेख येतो, त्यावर मात्र विसंबू नये. एस्प्रेसो यंत्र सुमारे नऊ बार दाबाने कॉफी काढते. हाताच्या दाबाने सहसा एक बारही होत नाही.

आपल्याकडे बहुतेकांना दूध-साखर घातलेलीच कॉफी लागते, आणि या कामाला गो चांगले साधन आहे. अठरा ग्रॅम पुडीवर नव्वद मिलीलिटर पाणी घालून दाट अर्क काढायचा आणि त्यात तेवढेच किंवा थोडे जास्त गरम दूध घालायचे. दूध टेट्रा पॅकचे न्यावे. पिशवीतले दूध गोव्याच्या उकाड्यात दुपारपर्यंत टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये हाच अर्क थर्मासमध्ये नेलेल्या बर्फावर ओतला तर फार ताजेतवाने वाटते. एक गोष्ट टाळावी. दुकानात मिळणारी चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड यात घालू नये. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असते, म्हणजे उरलेला जवळजवळ अर्धा भाग चिकोरीचा असू शकतो. ती पूड फार बारीक असते आणि चिकोरीमुळे द्रव दाट होतो, त्यामुळे कागद तुंबतो आणि दट्ट्या हलता हलत नाही. अशा वेळी जोर लावणे धोक्याचे. नळी कपावरून सटकू शकते.

मर्यादांचे बोलायचे तर पहिली मर्यादा मापाची. गोच्या नळीत एका वेळी जेमतेम 240 मिलीलिटर कॉफी होते. एकट्याला किंवा दोघांना ती पुरेशी आहे. पाच-सहा जणांचा गट असेल तर प्रत्येक कपासाठी तीन-चार मिनिटे जातात, आणि शेवटच्याच्या हाती कप येईपर्यंत पहिल्याचा संपलेला असतो. दाट अर्क काढून त्यात गरम पाणी घातले तर एका दाबात दोन कप निघतात, पण चव थोडी सपाट होते. दुसरी मर्यादा किमतीची. हे साधन आयात होऊन येते आणि स्टीलच्या साध्या फिल्टरच्या कितीतरी पट महाग पडते. त्यात चांगला ग्राइंडर धरला तर खर्च आणखी वाढतो. वर्षातून एखाद्याच वेळी मुक्कामाला जाणाऱ्याने घरातही रोज वापरणार असेल तरच ते घ्यावे. सोबतचा मग साध्या एकेरी प्लास्टिकचा आहे. त्याला कान नाही, आणि स्टीलच्या कपातून पिण्याची ज्यांना सवय आहे त्यांना तो आवडेलच असे नाही. मी तो फक्त दाबण्यासाठी आणि सामान ठेवण्यासाठी वापरते.

गट मोठा असेल तर दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर न्यावा, असे मी मनापासून सांगेन. वरच्या भांड्यात पूड दाबून भरायची, उकळते पाणी ओतायचे आणि वीसेक मिनिटे विसरून जायचे. रात्री जेवणानंतर लावून ठेवला तर सकाळी अर्क तयार असतो आणि फक्त दूध तापवावे लागते. कागद नाही, फुटण्याची भीती नाही, चिकोरी चालते. धुवायला पाणी जास्त लागते एवढेच, म्हणून विहीर असलेल्या वाडीवर तो नेणे सोयीचे. मोका पॉट, म्हणजे 1933 साली आल्फोन्सो बियालेत्ती यांनी इटलीत आणलेले अष्टकोनी भांडे, दाट कॉफीच्या चाहत्यांना मोह घालते. पण त्याचा तळ लहान असतो आणि कॅम्पिंगच्या स्टोव्हच्या तीन पायांवर तो नीट टेकत नाही. शिवाय एक खेप झाली की भांडे पूर्ण निवेपर्यंत उघडता येत नाही, आणि दुसऱ्या खेपेसाठी ते निववायला पुन्हा पाणीच खर्ची पडते.

पाण्याच्या प्रकाराबद्दलही थोडे. झरीचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी उकळूनच घ्यावे, नुसते तापवून भागत नाही; खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवावे आणि मग कॉफीसाठी निववावे. उन्हाळ्याच्या अखेरीस किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते, त्यात उत्तम बियासुद्धा वाया जातात. तेव्हा पाणी घरून न्यावे.

कागदांची काळजी घ्यावी लागते. सोबत येणारे कागद बराच काळ पुरतात, पण पावसाळ्यात ते एकमेकांना चिकटतात, म्हणून मुक्कामापुरतेच कागद घट्ट झाकणाच्या डबीत न्यावेत आणि बाकीचे घरी कोरड्या जागी ठेवावेत. एक कागद हलक्या हाताने विसळून दोन-तीन वेळा वापरता येतो. घरी आल्यावर सगळे भाग सुटे करून साबणाने धुवावेत, कारण रबराच्या कडेला राहिलेले कॉफीचे तेल दमट हवेत खवट होते आणि तो वास पुढच्या कपात उतरतो. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मगात भरताना दट्ट्या नळीत अर्धवट ठेवू नये. तो शेवटपर्यंत ढकलून रबर नळीच्या दुसऱ्या तोंडाबाहेर येऊ द्यावे किंवा अजिबात बाहेर काढून ठेवावा. मध्येच अडकून राहिले तर रबर चेपून बसते, कडेने हवा निसटू लागते आणि दाब धरत नाही.